कट्ट्यावरची निळी टोपी

एका गावात एक आई होती, आणि तिला झोप लागत नव्हती.

गाव होतं तासगाव. आईचं नाव मृण्मयी. शिकलेली, नोकरी केलेली, हिशेबी डोक्याची बाई. पण काळजी करण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. मन चिंती ते वैरी न चिंती, असं तिची सासू म्हणायची, ते काही उगाच नाही. आणि या खेपेला तर कारणही भक्कम होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर जपानला जायचं ठरलं होतं, ओसाका नावाचं मोठं शहर बघायला, आणि सोबत सहा वर्षांची रेवती.

रेवती तिथे हरवली तर?

हा एकच प्रश्न मृण्मयीच्या उशाला बसून राहिला होता. पोर कोणाला काय सांगणार? जपानी तर दूरच, तिची तासगावची मराठी पुण्याच्या मावशीलासुद्धा दोनदा विचारून घ्यावी लागते.

मग मृण्मयीनं उपाय केले. एका जाड कार्डावर जपानीत मुलीचं नाव, हॉटेलचा पत्ता आणि स्वतःचा फोन नंबर लिहवून घेतला. त्याला फीत लावली आणि ती चिठ्ठी मुलीच्या गळ्यात घातली. जोडीला एक लाल शिट्टी. वर सूचना दिल्या, त्या तर विचारूच नका. हरवलीस तर जागची हलू नकोस. हरवलीस तर पोलिसाकडे जा. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. मोठ्यानं हाक मार. परक्या देशात आरडाओरडा करायचा नाही.

रेवतीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, जपानात मुंग्या कसल्या असतात?"

मैत्रिणी दोघी. शर्वरी आणि नफिसा. सांगलीच्या होस्टेलवर तिघी एका खोलीत राहिलेल्या, तेव्हापासून जग बघायच्या आणाभाका घेतलेल्या. शर्वरी शांत, नफिसा तिखट जिभेची. विमानातून उतरून गाडीत बसल्या तेव्हाच नफिसा म्हणाली, "मृणू, तू शहर बघायला आलीयेस की पोरीची राखण करायला?"

"तुला काय जातंय बोलायला," मृण्मयी म्हणाली. "तुझ्या घरी एक मांजर आहे, आणि तीच तुला सांभाळते."

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. तिथल्या लोकलच्या डब्यात इतकी शांतता, की स्वतःचा श्वास ऐकू यावा. रेवतीला वाटलं, एवढ्या शांततेत शिट्टी किती छान वाजेल. तिनं वाजवली. छानच वाजली. कोणी एक शब्द बोललं नाही, कोणी वळूनही पाहिलं नाही. त्यामुळे मृण्मयीला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिट्टी जप्त होऊन तिच्या पर्समध्ये गेली.

संध्याकाळी चिठ्ठीची फीत सुटली आणि चिठ्ठी जिन्यात पडली. मृण्मयीनं ती झडप घालून उचलली. चिठ्ठीच हरवली तर हरवलेली मुलगी सापडणार कशी? म्हणून तिनं चिठ्ठीही स्वतःच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावून टाकली.

शर्वरी म्हणाली, "मृणू, हे उलटं होतंय ना गं?"

"अगं, उलटं कसलं," नफिसा म्हणाली. "आता पर्स हरवली तर पोलीस ती बरोबर रेवतीच्या आईला आणून देतील."

मृण्मयीलाही आतून कळत होतं की काहीतरी चुकतंय. पण चिठ्ठी चेनच्या आत आहे एवढ्यावर तिला त्या रात्री झोप लागली, आणि लागलेल्या झोपेशी वाद कोण घालतो?

शहर मात्र बघण्यासारखं होतं. किल्ल्याचे दगड एकेका खोलीएवढे. एका दुकानाच्या माथ्यावर अजस्र खेकडा, आणि तो सावकाश पाय हलवायचा. सरकत्या जिन्यावर झाडून सगळे उजव्या कडेला उभे राहायचे आणि डावीकडची अर्धी पायरी घाईतल्या माणसांसाठी मोकळी सोडायचे. रस्त्यावर कचरा नाही, आणि कचऱ्याचा डबाही नाही.

रेवतीच्या प्रश्नांना खंड नव्हता. "खेकडा थकत नाही का? सगळे उजवीकडेच का? डबाच नाही, तर कचरा जातो कुठे?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं मृण्मयीला ठाऊक होतं. केळ्याची साल, चॉकलेटचे कागद, ओले रुमाल, सगळं तिच्या पर्समध्ये जात होतं. बाकीच्या प्रश्नांना तिचं एकच उत्तर होतं. "चल पुढे."

कारण ती शहर बघतच नव्हती. ती रेवतीची वेणी बघत होती.

तिसऱ्या दिवशी सगळ्या एका कालव्यावरच्या पुलापाशी आल्या. पूल संपतो तिथे एक लांबलचक बाजार सुरू होतो, वरून छप्पर घातलेला. बाजाराच्या तोंडाशी एक झाड, आणि झाडाभोवती मांडीइतक्या उंचीचा दगडी कट्टा. पुढे एक जपानी आजीबाई चालल्या होत्या, पाठीत वाकलेल्या. त्यांना रस्त्यात एक छोटी निळी टोपी पडलेली दिसली. त्या थांबल्या. कष्टानं आणखी वाकल्या. टोपी उचलली, झटकली, कट्ट्यावर ठेवली, तिचं तोंड रस्त्याकडे केलं आणि काठी टेकत निघून गेल्या.

रेवती जागच्या जागी उभी. "आई, त्या आजीनं टोपी घरी का नाही नेली?"

"तिची नाही म्हणून. चल."

"मग खालीच का नाही ठेवली? वर का ठेवली?"

"रेवू, हात लावायचा नाही, कोणाची असेल नसेल. चल पुढे."

आणि तिनं मुलीला ओढलं. रेवती चालली पुढे, मान मात्र मागे.

बाजारात माणसांचा पूर होता. एका खाणावळीच्या काचेमागे पदार्थ मांडले होते. शेवया, तळलेली कोळंबी, वाफाळल्यासारखी दिसणारी आमटी. सगळं खोटं, प्लास्टिकचं, पण खऱ्याहून खरं. नफिसा काचेला नाक लावून म्हणाली, "आपल्या होस्टेलच्या मेसमध्ये हेच वाढायचे, तेव्हा काही कळलं नाही."

तिघी हसल्या. हसता हसता मृण्मयीच्या मनात पाल चुकचुकली. चिठ्ठी आहे ना पर्समध्ये?

बघायलाच हवं होतं. पण पर्स आता गाठोड्यासारखी फुगली होती. एका हातानं आवरेना. म्हणून तिनं दुसऱ्या हातातला हात सोडला. साल बाजूला केली, शिट्टी बाजूला केली, चिवड्याची पुडी, छत्री. कप्प्याची चेन उघडली.

"आहे!" ती म्हणाली, आणि तिनं हात खाली केला.

हातात काहीच आलं नाही.

पुढचं काय सांगावं? ज्या आईवर अशी वेळ आली असेल तिला सांगावं लागत नाही. शर्वरी म्हणाली, "मी इथेच थांबते, ती परत आली तर." नफिसा पोलीस चौकी शोधायला धावली. मृण्मयी बाजारात आत आत गेली, "रेवू, रेवू" अशा हाका मारत, माणसांच्या पायांमधून बघत. फोनवरचा फोटो दाखवला की लोक थांबायचे, वाकून बघायचे, हळहळून मान हलवायचे. समोरून शाळेची सहल आली. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या. तिनं एकेका टोपीखाली पाहिलं. तिची मुलगी कुठेच नव्हती.

धाप लागली तशी ती एका दुकानाला टेकली. उजव्या हातात चिठ्ठी घट्ट धरलेली होती. चिठ्ठीवर मुलीचं नाव होतं, आणि मुलगी नव्हती.

आत्ता ती काय करत असेल? जागची हलली नसेल? पण मग पोलिसाकडे कशी जाईल? पोलिसाकडे गेली तर तो अनोळखीच ना, त्याच्याशी बोलायचं नाही असं मीच बजावलंय. हाक मारेल? पण परक्या देशात आरडाओरडा करायचा नाही, हेही मीच सांगितलंय. शिट्टी? शिट्टी पर्समध्ये.

मृण्मयीला पहिल्यांदाच उमगलं, की तिच्या सगळ्या सूचनांनी मिळून पोरीचे हातपाय बांधून टाकले होते. यातली एकही रेवतीच्या ध्यानात नसेल. मग तिच्या ध्यानात काय असेल?

आणि तिला मागे वळलेली ती मान आठवली. वर का ठेवली?

मृण्मयीनं खाली बघणं सोडलं. मान वर केली आणि पुलाच्या दिशेनं पळत सुटली.

झाडाभोवतीच्या कट्ट्यावर निळी टोपी होती. टोपीच्या शेजारी रेवती उभी होती. ताठ, हात अंगाशी, तोंड रस्त्याकडे. एका बाईनं खालून तिच्यावर उन्हाची छत्री धरली होती. मृण्मयीला धावत येताना पाहून त्या बाईनं छत्री मिटली, वाकून नमस्कार केला आणि त्या आजीसारखीच एक शब्द न बोलता गर्दीत मिसळली. आभार मानायलाही वेळ दिला नाही.

मृण्मयीनं पोरीला पोटाशी धरलं. रडायचं होतं, रागवायचं होतं, दोन्ही एकदम आलं आणि काहीच धड झालं नाही. शेवटी म्हणाली, "तू इथे कशी गं आलीस?"

"मला कळलं मी हरवले," रेवती म्हणाली. "मग मी मला वर ठेवलं."

"काय केलंस?"

"वर ठेवलं. आजीनं टोपी ठेवली तसं. खाली नुसते पाय असतात, आई. खाली ठेवलं तर हरवलेलं सापडत नाही. वर ठेवलं की ज्याचं असतं त्याला दिसतं." आणि वर म्हणाली, "तुला मी विचारत होते, तर तू चल म्हणालीस. मग मीच शोधून काढलं."

तेवढ्यात, मृण्मयीला पुलाकडे पळताना पाहून, एका पोलिसाला घेऊन नफिसा पोचली, मागून शर्वरी. रेवतीला पाहून नफिसानं आधी डोळे पुसले, मग कमरेवर हात ठेवले. "सापडली! आणि चिठ्ठी, बाई? ती तर सुखरूप आहे ना?"

मृण्मयी हसली, आणि हसता हसता रडली. चिठ्ठीची फीत तिनं मुलीच्या गळ्यात बांधली, या वेळी निरगाठ मारून. पोलिसानं ती वाचली, रेवतीला सलाम ठोकला आणि तो गेला.

आता पोरगी म्हणेल, मला भीती वाटली. म्हणेल, हॉटेलवर जाऊ या. मृण्मयीनं समजुतीची वाक्यंही मनात जुळवून ठेवली होती. "चल पुढे," असं ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं आणि कट्ट्यावर मुलीशेजारी बसत विचारलं, "बोल रेवू, आता काय करायचं?"

रेवतीनं निळ्या टोपीकडे पाहिलं.

"माझी आई आली. टोपीची अजून नाही आली," ती म्हणाली. "ती कशी दिसते, ते थांबून बघू या?"

तात्पर्य: काळजीनं मुलाचा हात धरता येतो, पण हात सुटतो तेव्हा त्याला तारतं ते त्याचं स्वतःचं कुतूहल, म्हणून पोरानं "हे असं का?" विचारलं, की "चल पुढे" म्हणू नये, घडीभर थांबून आपणही बघावं.