चुना लावलेली आगगाडी

फार पूर्वी, आगगाडी दिसली की माणसं चपला काढून हात जोडायची त्या काळी, डोंगरातल्या एका संस्थानात एक छोटीशी आगगाडी धावायची. आणि तिच्या शेवटच्या स्टेशनाच्या गावात, लाकडी खेळणी रंगवणाऱ्या एका घरात, दोन जावा नांदत होत्या. थोरलीचा हात सफाईदार आणि जीभ तिखट. धाकटी डोक्याने तल्लख, पण अशी धांदरट की विचारू नका!

एके वर्षी पुरात घाटातला पूल वाहून गेला. गाडी थांबली ती थांबलीच. इंजिन मोडीत निघालं, आणि त्या दिवसापासून गाडीचा म्हातारा ड्रायव्हर बोलेनासा झाला. रोज रिकाम्या स्टेशनातल्या बाकावर बसायचा आणि रुळांकडे बघत राहायचा. कुणी हाक मारली तर नुसती मान हलवायचा.

राजाला हे बघवेना. लहानपणी त्याच म्हाताऱ्याच्या कडेवर बसून त्याने इंजिनाची शिट्टी वाजवली होती ना! त्याने दवंडी पिटवली, “जी गाडी बघून ड्रायव्हरबाबा बोलतील, अशी खेळण्यातली गाडी करा हो! करणाऱ्याच्या हाताने ती स्टेशनात मांडू. रंगांसाठी राजवाड्याचं कोठार उघडं आहे. हवं ते न्या, फुकट!”

मग काय विचारता! घरातल्या पुरुषांनी लाकडाच्या दोन गाड्या घडवल्या, दोघी जावांना एकेक दिली, आणि दोघी निघाल्या कोठाराकडे.

थोरलीने पदर भरून घेतला. सोन्याचा वर्ख, मोरपंखी निळा, विलायती व्हार्निश, काही म्हणून सोडलं नाही. धाकटी बरण्या हुंगत हिंडली, बोट लावून बघत राहिली, आणि रिकाम्या हातांनी बाहेर आली.

“अहो बाई, फुकट आहे!” पहारेकरी ओरडला.

“फुकट आहे हो, पण माझ्या कामाचं नाही!”

“देव देतो आणि कर्म नेतं, ते हे असं,” थोरलीने कपाळावर हात मारला.

“अहो जाऊबाई, ती गाडी काळी कशाने झाली होती? धुराने. तांबडी कशाने? गंजाने आणि घाटातल्या मातीने. मग वर्ख कुठे लावू मी?”

घरी आल्यावर धाकटीच्या अंगात वारंच शिरलं. चुलीची काजळी खरवडली. फुटकी वीट कुटून भुकटी केली. चहा काळाकुट्ट होईपर्यंत उकळला, राख चाळली, आणि सगळं डिंकाच्या पातळ पाण्यात कालवलं. धुराड्याभोवती काजळी, चाकांवर विटेचा गंज, डब्यांच्या छपरावर राखेची धूळ. चिंधीने पुसलं, पुन्हा लावलं. बघता बघता कोरं लाकूड पन्नास पावसाळे बघितल्यासारखं दिसू लागलं. धाकटी आनंदाने टाळ्या पिटत नाचली.

नेमलेल्या दिवशी सकाळी मात्र घात झाला. त्या घराची रीत अशी, की केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणल्याशिवाय खेळणं उंबऱ्याबाहेर जायचं नाही. निघायच्या गडबडीत धाकटीच्या हाताने सवयीने पान उचललं आणि घसाघसा घासलं! काजळी गेली, गंज गेला. गाडी लख्ख!

“अगं बाई, काय केलंस हे!” थोरली किंचाळली.

धाकटीला रडू फुटलं. पण डोळे पुसता पुसता तिला हसूच आलं. “जाऊबाई, तुमचं व्हार्निश असतं तर वाळायलाच आठवडा गेला असता. चूल तर आपल्याच घरात आहे!”

आणि काजळीची वाटी, भुकटीची पुडी, डिंकाचं पाणी घेऊन ती पळत सुटली. स्टेशनाच्या ओट्यावर फतकल मारून, सगळ्या गावासमोर, तिने गाडी पुन्हा मळवायला घेतली. बायका हसत होत्या, पोरं ओरडत होती. तिकडे राजाची पालखी दिसू लागली.

सगळं झालं, पण धाकटी थबकली. नवी नवरी होऊन ती याच गाडीने आली होती. वाटेत रडून रडून घसा कोरडा पडला, तेव्हा याच म्हाताऱ्याने गाडी थांबवून तिला इंजिनाच्या टाकीचं पाणी पाजलं होतं. तो नळ सारखा ठिबकायचा, आणि त्याच्याखाली पांढरा ओघळ साचला होता.

“जाऊबाई, तुमची पानाची चंची द्या! मला चुना लावायचाय!”

“लोक दुसऱ्याला चुना लावतात, ही मागून घेतेय!” थोरली म्हणाली. क्षणभर तिने आपल्या झगमगत्या गाडीकडे बघितलं. मग चंची सोडली आणि बोटभर चुना धाकटीच्या हातावर ठेवला. “घे. अन् नीट लाव, धांदरटे!”

राजा आला. म्हाताऱ्यासमोर आधी थोरलीची गाडी ठेवली. सोन्यासारखी चमकत होती. म्हाताऱ्याने तिला आदराने नमस्कार केला आणि पुन्हा रुळांकडे बघू लागला.

मग धाकटीची ठेवली. म्हाताऱ्याने धुराड्याला बोट लावलं. बोट काळं झालं. त्याने ते हुंगलं. नजर चाकांवरून टाकीकडे गेली, नळाखालच्या पांढऱ्या ओघळावर थांबली, आणि भुवया ताडकन वर चढल्या.

“अरे, हा नळ अजून गळतोयच? किती वेळा सांगितलं तुम्हाला, वायसर बदला म्हणून!”

राजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो धावत पुढे झाला. “बदलतो, बाबा! आजच बदलतो!”

सगळं स्टेशन हसलं आणि रडलं. म्हातारा तर सुटलाच. कोळसा ओला देता, शिट्टीची दोरी कुजलीय, बोलणं थांबेना!

गाडी मांडताना धाकटीने थोरलीला हाताला धरून पुढे ओढलं. “चुना यांचा आहे, महाराज.”

“चुना लावून मान मिळवणारी जगात मी पहिलीच असेन बाई,” थोरली म्हणाली, आणि दोघींनी मिळून गाडी मांडली.

तात्पर्य: फुकट मिळतं म्हणून भारीतलं उचलू नये. आपल्या कामाला काय लागतं ते आधी ओळखावं. पुष्कळदा ते आपल्या चुलीपाशीच सापडतं, आणि उरलेलं जाऊबाईंच्या चंचीत.