तानूबाईच्या मागावरचा झेंडा

डोंगर आणि समुद्र यांच्या मधोमध एक चिमुकला देश होता. वर धनगर राहत, मध्ये शेतकरी, किनाऱ्याला कोळी. तिघांनी मिळून परक्या राजाला खिंडीपार हाकलले. गडावरचा त्याचा झेंडा उतरला. आता काठी रिकामी होती.

नवा झेंडा विणायचे काम तानूबाई विणकरणीकडे आले. तिन्ही मुखिये आपापले सूत घेऊन तिच्या ओसरीवर जमले. धनगरांचे पांढरे, शेतकऱ्यांचे हिरवे, कोळ्यांचे निळे. कोणता रंग वर, यावरून लगेच वाद पेटला. धनगरांचा मुखिया बिरोजी सर्वांत हट्टी. पांढरा वर नसेल तर आमचा डोंगर वेगळा, असे त्याने बजावले. खिंडीपलीकडे परका राजा नेमकी हीच बातमी ऐकायला टपला होता.

तानूबाईने हातातला मागाचा धोटा खाली ठेवला. "वरचा रंग मागाहून ठरवू. बिरोजी, या लढाईत कोळ्यांची कोणकोण माणसं गेली? नावं सांग."

बिरोजीला एकही नाव येईना. दुसऱ्या दोघांनाही शेजाऱ्यांची नावे ठाऊक नव्हती. ती विचारून या, तोवर माग चालणार नाही, असे म्हणून तानूबाई उठून आत गेली.

बिरोजी कुरकुरतच कोळीवाड्यात उतरला. तिथे त्याला नागू नाखव्याची हकिकत कळली. पूर आलेल्या नदीतून नागूने जखमी धनगरांना अकरा खेपांत पार नेले. बाराव्या खेपेला होडी उलटली आणि नागू बुडाला. अकराव्या खेपेत बिरोजीचाच मुलगा होता. नागूच्या बायकोने बिरोजीला भाकर वाढली, आणि त्याने तिच्याकडून गेलेल्या कोळ्यांची नावे विचारून घेतली.

परत येऊन तो म्हणाला, "निळा वर ठेव, बाई."

कोळ्यांचा मुखिया नको म्हणाला. शेतकऱ्यांनी बियाण्याचे धान्य लढणाऱ्यांना खाऊ घातले आणि स्वतःची पोरे उपाशी ठेवली, हे तो ऐकून आला होता. त्याला हिरवा वर हवा होता. धनगरांच्या त्यागाची हकिकत ऐकून आलेला शेतकऱ्यांचा मुखिया पांढऱ्यासाठी अडून बसला. पुन्हा भांडण जुंपले, पण आता जो तो दुसऱ्यासाठी भांडत होता.

तानूबाईला हसू आले. तिने उभ्या-आडव्या धाग्यांत तिन्ही सुते अशी गुंफली, की वर कोण नि खाली कोण हे सांगता येईना. ती विणत असताना मुखिये गेलेल्यांची नावे घेत राहिले. मागाच्या ठेक्यावर अंगणातल्या बायकांनी त्या नावांना चाल लावली. तेच देशाचे गीत झाले.

झेंडा चढला त्या सकाळी परक्याची फौज खिंडीत दबा धरून होती. इतक्यात डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत एकच गाणे उठले. म्हातारा सेनापती राजाला म्हणाला, "महाराज, यांच्यात फूट पडलेली नाही. परत फिरावं."

घोडे माघारी वळले. गडावरचे गाणे दुपारपर्यंत थांबले नाही.

तात्पर्य: शेजाऱ्याचा त्याग जो आपला मानतो, त्यालाच झेंड्याचा आणि गीताचा खरा अर्थ कळतो; अशा माणसांचा देश कुणाला जिंकता येत नाही.