पेंडीची भाकरी

तेलघाण्यांसाठी ख्याती असलेल्या एका नगरात एक वृद्ध आचार्य राहत होते. सुमेध नावाचा त्यांचा शिष्य बुद्धिमान होता, पण तितकाच तापट. शेंगदाण्याचे तेल काढल्यावर उरणारी पेंड नगरातले लोक गुरांपुढे टाकत. तिच्यात केवढे सत्त्व आहे, हे सुमेधने जाणले. ताजी, स्वच्छ पेंड दळून ती ज्वारीच्या पिठात मिसळली आणि त्याने भाकऱ्या केल्या.

घाण्यांचा मालक असलेल्या व्यापाऱ्याला ही कल्पना भलतीच आवडली. "पेंड माझ्याकडून ने आणि भाकऱ्या विणकरांच्या वस्तीत वाट," तो म्हणाला. "माझे नाव सांगायला मात्र विसरू नकोस."

सुमेध टोपली घेऊन वस्तीत गेला. एका विणकरणीने भाकरी हातात घेतली, तुकडा मोडला, हुंगला.

"कसली रे ही?"

"पेंडीची, मावशी. शेटजींनी खास तुमच्यासाठी पाठवली आहे. फार पौष्टिक असते."

तिने भाकरी टोपलीत आदळली. "आम्ही काय दावणीला बांधलेली गुरं आहोत? नीघ इथून!"

सुमेध संतापून आश्रमात परतला. "आचार्य, या लोकांचे कधी भले व्हायचे नाही! सोन्यासारखे अन्न, आणि नुसत्या नावाने यांना किळस येते!"

आचार्यांनी ऐकून घेतले. मग टोपली उचलली आणि ते तडक व्यापाऱ्याच्या घरी गेले. सुमेध मागोमाग धावला. व्यापारी नुकताच जेवायला बसला होता. आचार्यांनी त्याच्या ताटातली तुपाने माखलेली पोळी उचलून बाजूला ठेवली आणि तिथे पेंडीची भाकरी वाढली.

व्यापाऱ्याने झटकन हात मागे घेतला. "अहो, हे काय करता? ही गोरगरिबांसाठी आहे!"

आचार्यांचा आवाज कडाडला. "ऐकलेस, सुमेध? किळस कोणाला येते ते नीट बघ! जी भाकरी याला हातात धरायलाही नको, ती वाटून याला पुण्य हवे आहे. त्या बाईला अन्नाचा राग आला नाही. 'खास तुमच्यासाठी' या शब्दांतून तुम्ही तिला तिची जागा दाखवलीत, त्याचा आला. तिच्या जागी मी असतो, तर टोपली तुझ्या डोक्यावर उपडी केली असती! आणि तू? एवढ्या भाकऱ्या थापल्यास. त्यातली एक तरी पोटभर खाल्लीस?"

भाकऱ्या थापून झाल्यावर सुमेध हात धुऊन आश्रमातल्या वरणभाताला बसला होता.

त्याने व्यापाऱ्याच्या ताटातली भाकरी उचलली, तिथेच जमिनीवर मांडी घातली आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. खमंग होती. पण घशाला कोरडी लागत होती, आणि मीठ घालायचे तर तो साफ विसरला होता.