चित्रातले पित्ताशय

"हे चित्र कोणाच्या पोटातलं?"

डॉ. विश्राम खोत यांच्या हातात रुग्णपत्रिकेतला एक कागद होता. त्यावर काळ्या शाईने काढलेले पित्ताशय, त्याची आखूड नळी, आणि यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नलिका. रेषा स्वच्छ होत्या. कुठेही खोडलेले नव्हते.

"बायजाबाईंच्या, सर." डॉ. निनाद उपळेकर म्हणाला.

"त्या कुठे आहेत?"

"वॉर्डात. दहा वाजता टेबलावर घेऊ."

खोत सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. नऊ वाजले होते. त्यांनी कागद पत्रिकेत परत ठेवला…

घाटाखालच्या त्या धर्मादाय रुग्णालयात खोत सरांचा एक दंडक होता. ज्याने पित्ताशय कापून काढले, त्याने आत नलिका कशा दिसल्या हे स्वतःच्या हाताने काढून पत्रिकेला जोडायचे. उपळेकरचा हात त्या वर्षी सर्वांत जलद समजला जात असे, आणि ते त्यालाही ठाऊक होते. शस्त्रक्रियेनंतर वेळ जातो म्हणून तो पुस्तकातले पाठ असलेले चित्र सकाळीच काढून ठेवी. तोवर एकदाही ते चुकले नव्हते.

बायजाबाई बुरूडकाम करणाऱ्या. सुपे आणि टोपल्या विणून बोटांना घट्टे पडलेले. तीन आठवड्यांपासून डोळे, नखे, तळवे पिवळे. पित्ताच्या वाटेत खडा अडकल्याचे सोनोग्राफीत दिसले होते. त्यांच्या डोक्यावर काविळीची माळ होती. वनस्पतीच्या काड्यांना दोऱ्याच्या गाठी मारून ही माळ करतात. सकाळी ती डोक्यापुरतीच असते, पुढे सैल होत गळ्यापर्यंत उतरते, आणि माळ उतरली की कावीळ उतरली, असे मानतात.

"दुसऱ्यांदा हळद लागली बघा, डागदर," सर वॉर्डात आल्यावर बाई त्यांना म्हणाल्या. "पहिल्या वेळंला वऱ्हाड तरी होतं."

सर हसले. उपळेकरने मात्र माळ काढायला सांगितले. काड्या वाळल्या की गाठी सैल होतात, त्यात नवल नाही, असे त्याने परिचारिकेला ऐकवले. मग सरांकडे वळून म्हणाला,

"ही माळ कोणाच्याही डोक्यावर लांबते, सर. कावीळ असो वा नसो."

"खरं आहे." सर म्हणाले. "सगळ्यांना एकच माळ."

बाईंनी माळ स्वतःच उतरवली आणि उपळेकरच्या हातात दिली. "जपून ठेवा. माझी हाय ती."

दहा वाजता पोट उघडले. सर समोरच्या बाजूला, साहाय्यकाच्या जागी उभे होते. उपळेकरने डाव्या हातातल्या चिमट्याने सुजलेले पित्ताशय धरून वर ओढले. त्याच्या टोकापासून एक बारीक नळी ताणून आली. त्याने ती मोकळी केली, खालून दोरा घातला. सर्व काही सकाळच्या चित्रासारखे होते.

येथे वाचकाने एवढेच ध्यानात घ्यावे, की आखूड नळी कापावीच लागते. मुख्य नलिका कापली गेली तर यकृतातल्या पित्ताला वाट उरत नाही, आणि माणूस पुढची कित्येक वर्षे कावीळ अंगावर वागवत झिजतो.

"कात्री तयार ठेवा."

परिचारिकेने कात्री उचलली. सरांनी आपला हात उपळेकरच्या डाव्या हातावर ठेवला.

"हा हात सोड."

"सोडला तर नळी दिसणार नाही, सर."

"धरलायस म्हणून दिसतेय. सोड."

उपळेकरने चिमटा सैल केला.

पित्ताशय हळूहळू मागे, आपल्या जागी गेले. ताणलेली नळीही त्याच्याबरोबर खाली बसली. तिला पडलेला बाक सरळ झाला. आता तिचे एक टोक आतड्याकडे जात होते. दुसरे…

"वर कुठे जातेय?" सरांनी विचारले.

उपळेकरने बोटाच्या टोकाने नळीचा वरपर्यंत माग घेतला.

"यकृतात." उपळेकर म्हणाला.

पित्ताशयाच्या मानेत रुतलेल्या खड्याने सूज आणून मुख्य नलिकेला जवळ ओढून चिकटवले होते. आखूड नळी त्या सुजेत हरवली होती. ओढणाऱ्या हाताने मुख्य नलिकेलाच तिच्या जागी आणून उभे केले होते.

उपळेकरने दोरा कापला नाही. गाठ अजून पडली नव्हती. त्याने तो एका बाजूने अलगद ओढून बाहेर घेतला. मग चिमटा सरांपुढे धरला.

"तुम्ही करा, सर."

सरांनी तो घेतला नाही. "बाई तुझ्या भरवशावर झोपल्यात."

पुढचे काम दोन तास चालले. उपळेकरने पित्ताशय तळाकडून उघडले, बोराच्या आठळीएवढा खडा बाहेर काढला, नलिकेला चिकटलेला भाग तसाच राहू दिला, आणि सूज उतरेपर्यंत पित्ताला वाट राहावी म्हणून नलिकेत रबरी टी-ट्यूब बसवली. मग नळीतून पित्ताची पहिली धार आली.

दहाव्या दिवशी बायजाबाईंच्या डोळ्यांतला पांढरा रंग परत आला. त्यांनी आपली माळ मागितली. उपळेकरने ती कागदाच्या पुडीत ठेवली होती. बाईंनी ती हातांत ताणून पाहिली.

"कावीळ हिनं उतरली, का तुमच्या कापण्यानं?"

उपळेकरने त्यांच्या पोटावरची पट्टी सोडली, नळीभोवतीची कातडी निरखली, पुन्हा एकदा निरखली. मग बाईंना विचारले, की दुखते कुठे ते बोटाने दाखवाल का.

त्या संध्याकाळी तो सरांच्या खोलीत गेला. हातात दोन कागद होते. एक नवा, शस्त्रक्रिया संपल्यावर त्याच दिवशी काढलेला: खोडाखोड भरपूर, रेषा दोन ठिकाणी तुटलेल्या, आणि जिथे काही दिसले नव्हते तिथे कोरी जागा. दुसरा जुना, स्वच्छ. दोन्हींवर बायजाबाईंचे नाव होते.

सरांनी नवा कागद पत्रिकेत लावला.

"हा जुना फाडून टाकू, सर?"

सरांनी तो हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला… आणि त्याला परत दिला.

"फाडू नकोस. चित्र बरोबर आहे. नाव चुकलंय."