भोकं न बुजवलेलं फावडं

अवजारं बोलायची, त्या काळातली गोष्ट. समुद्रकाठच्या सावूमावशीने पाण्यात हरवलेले दागिने शोधून द्यायचं काम नुकतंच सुरू केलं होतं. धातू जवळ आला की वाजणारं यंत्र तिच्याकडे होतं. खणायला तिने जुन्या बाजारातून लांब दांड्याचं, खोलगट पोलादी फावडं आणलं होतं. त्याला तळभर भोकं होती.

"चाळण झालीय तुझी!" मावशीचं जुनं घमेलं हसलं. "माझ्यातून थेंब गळत नाही."

मावशीलाही ते पटलं. "उद्या वेल्डरकडून भोकं बुजवून घेते."

"मुळीच नाही," फावडं म्हणालं. "हवं तर भंगारात टाक, पण भोकांना हात लावू देणार नाही."

"तोंड बघा याचं!" मावशी म्हणाली.

तेवढ्यात गावातली रेवती रडत आली. तिच्या वारलेल्या आईची अंगठी गुडघाभर पाण्यात पडली होती. मावशी यंत्र आणि घमेलं घेऊन धावली. यंत्र वाजलं. तिने घमेलं वाळूत खुपसलं, पण पाणी आणि वाळूने भरलेलं घमेलं तिला उचलेना. लाट आली आणि सगळं पुन्हा समुद्रात गेलं. पुढच्या वेळीही तेच झालं. भरती चढत होती.

शेवटी मावशीने धावत जाऊन फावडं आणलं. यंत्र वाजलं तिथे ते खोल रुतवून तिने वर उचललं. पाणी गळालं, वाळूही गळाली. तळाशी अंगठी खणखणली.

रात्री घमेल्याने हळूच विचारलं, "भोकं पाडताना दुखलं होतं का रे?"

"दुखलं," फावडं म्हणालं. "बुजवताना जास्त दुखलं असतं."