उखर्डूनं भिंत रंगवली

तापीकाठच्या एका गावात उखर्डू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. गावात शहाणे पुष्कळ होते, त्यामुळे उखर्डूवाचून कुणाचा दिवस जात नसे. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. अडचण तेवढीच होती.

त्याची लेक लीला नुकतीच सासरी गेली होती. संक्रांतीला तिच्या सासूबाई, तानाबाई, भेटायला आल्या. बोलता बोलता पश्चिमेच्या भिंतीला टेकल्या. उठल्या तेव्हा जांभळ्या पातळावर पाठभर पांढरी भुकटी. आमच्याकडच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीचा रंग चार उन्हाळ्यांत भाजून निघतो आणि त्याची अशी राख होते. तानाबाईंनी पदर झटकला आणि बजावलं, की आखाजीला सून घेऊन येईन, पण भिंत रंगवलेली नसेल तर तशीच परत नेईन.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही, तर आईला दारात झोकाही टांगवत नाही. त्यातून लीलाची ही लग्नानंतरची पहिली आखाजी. उखर्डूच्या बायकोनं, मथाबाईनं, सण आठवड्यावर आला तशी नवऱ्याला शब्बीर मिस्त्रीकडे पिटाळलं. मिस्त्री शिडीवरून पडून पाय बांधून घरी बसला होता. त्यामुळे हल्ली तो रंगकाम तोंडानंच करत असे.

"आधी रंगाची वेळ झाली का ते बघायचं, उखर्डूभाऊ," मिस्त्री म्हणाला. "तळहात फिरवायचा. हाताला पांढरं लागलं, की रंग द्यायचा."

"एवढंच ना," उखर्डू म्हणाला, आणि पिवळ्या रंगाचा डबा घेऊन निघाला.

वाटेत पिठाची गिरणी होती. गिरणीवाला सुपडू पाठमोरा बसून पट्टा बसवत होता. उखर्डूनं त्याच्या पाठीवरून तळहात फिरवला. हात पांढराफेक. वेळ झालीच होती. सुपडूला वाटलं, कुणी ओल्या फडक्यानं घाम पुसतंय. दुसरा हात मारून होईपर्यंत तो बिचारा सुखानं बसून होता.

मथाबाईनं सुपडूची पाठ रॉकेलनं पुसून दिली आणि नवऱ्याला समजावलं, की वेळ भिंतीची बघायची असते, माणसाची नव्हे. उखर्डूला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मिस्त्रीपुढे हजर. मिस्त्रीनं पुढचा धडा दिला. उन्हानं जुना रंग फुगतो, त्याला फोड येतात. फुगलेलं दिसलं, की लोखंडी पट्टीनं वरचा पापुद्रा खरवडून काढायचा.

"एवढंच ना," उखर्डू म्हणाला.

घरी मथाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करून पाणी आणायला गेली होती. टोपल्यात नऊ भाकरी होत्या, नऊही टम्म फुगलेल्या. त्या दिवशी वरचे पापुद्रे कोंबड्यांनी खाल्ले आणि खालचे घरच्यांनी.

मग मथाबाईनं त्याला हाताला धरून भिंतीपुढे उभं केलं. दोघांनी मिळून भिंत खरवडली, घासली, झाडली. आखाजी तीन दिवसांवर आली होती. मिस्त्रीनं आता सांगितलं, की तापलेल्या भिंतीला रंग लावू नये. ब्रश फिरायच्या आत वाळतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पोपडे धरतो. भिंत हाताला गार लागली पाहिजे.

"एवढंच ना," उखर्डू म्हणाला.

दुपारी तीनला त्यानं भिंतीला हात लावला. चटका बसला. त्यानं बारा बादल्या पाणी मारलं. भिंत गार झाली. तो ब्रश बुडवणार, तोच मथाबाई धावत आली. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, भिंत कोरडी पाहिजे, हे तिनंही मिस्त्रीकडूनच ऐकलेलं. उखर्डूनं भिंतीलगत तुराट्या पेटवल्या. भिंत कोरडी झाली आणि तापली. त्यानं पाणी मारलं. भिंत गार झाली आणि ओली राहिली. त्यानं तुराट्या पेटवल्या. दोन दिवसांनी घरातल्या तुराट्या संपल्या, विहिरीनं तळ दाखवला. भिंत होती तशीच होती.

काढून ठेवलेला झोक्याचा दोर मथाबाईनं पुन्हा माळ्यावर टाकला. ते उखर्डूनं बघितलं. तो पळतच मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला.

"पाणी विसरा, विस्तव विसरा," तो म्हणाला. "भिंतीवर सावली दिसली, की रंग लावा. ऊन दिसलं, की थांबा."

"एवढंच ना," उखर्डू म्हणाला.

आखाजीला तो पहाटेच डबा घेऊन भिंतीसमोर बसला. सूर्य घरामागे उगवला. भिंत गार होती, कोरडी होती, पण तिच्यावर सावली काही दिसेना. इकडून तिकडून सगळी भिंत सारखीच. तो वाट बघत राहिला. मथाबाई आत मांड्यांच्या पुरणात गुंतलेली. तिला वाटलं, रंग लागतोय.

दुपार कलली, भिंतीवर ऊन आलं, आणि एकेक सावली दिसू लागली. आधी विजेचा खांब दिसला. उखर्डूनं तो रंगवला. मग दोरीवरचे दोन सदरे आणि एक परकर. मग शेळी आली. ती एका जागी उभी राहिना, त्यामुळे तिला सहा पाय झाले.

एवढ्यात रिक्षा थांबली. लीलाला आतच बसवून तानाबाई भिंत तपासायला एकट्या उतरल्या. उन्हाची छत्री उघडून भिंतीसमोर आल्या आणि ते सदरे, तो परकर, ती शेळी बघत थिजून उभ्या राहिल्या.

उखर्डूला तेवढा वेळ पुरला. त्यानं मन लावून काम केलं. छत्रीची टोकं काढली, नाक काढलं, अंबाडाही सोडला नाही. कमरेखाली अर्धा डबा लागला. भानावर येऊन तानाबाईंनी छत्री मिटली. भिंतीवरच्या पिवळ्या तानाबाईंनी मिटली नाही.

गल्ली गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "नाक तंतोतंत आहे." पिठाच्या हातांनी मथाबाई बाहेर आली. तिनं भिंतीकडे पाहिलं आणि मग रिक्षाकडे. रिक्षातून लीलाचा एक पाय बाहेर लोंबत होता.

तानाबाई रिक्षाकडे दोन पावलं गेल्या आणि थबकल्या. आपण परत गेलो, तर ही भिंतीवरची तानाबाई इथंच राहणार, साऱ्या गावासमोर. त्यांनी सुनेला उतरायला सांगितलं, पिशवी आत न्यायला सांगितलं, आणि त्या पुन्हा भिंतीपुढे येऊन ठाकल्या.

"व्याही," त्या म्हणाल्या, "ही सगळी भिंत एकसारखी पिवळी होईपर्यंत मी इथून हलणार नाही."

उखर्डू काळजीत पडला.

"असं नका करू, विहीणबाई," तो म्हणाला. "तुम्ही हलल्याशिवाय सगळी भिंत कशी होईल? जरा डावीकडे सरका. आणि छत्री उघडा."