केरबाच्या नावेत न चालणारा शब्द

एका नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात निघताना कोणीही 'जातो' म्हणत नसे. शेतावर निघालेला असो, बाजाराला निघालेला असो की लांबच्या मुलखात नशीब काढायला निघालेला असो, उंबऱ्याबाहेर पाय टाकताना तो 'येतो' म्हणायचा आणि घरातून 'या' असं उत्तर यायचं. चुकून कोणाच्या तोंडून 'जातो' निघालंच, तर घरातली म्हातारी त्याला मागे बोलवायची, पाटावर बसवायची, पाणी पाजायची आणि 'येतो' म्हणायला लावूनच सोडायची.

त्या गावात केरबा नावाचा नावाडी होता. माणूस मोठा हसरा. पलीकडच्या काठावर उतरताना कोणी "येतो रं, केरबा" म्हटलं की तो ओरडायचा, "या हो या! नदी कुठं पळून चाललीय?" त्याची बायको सारजा आणि पोरगी ठकू यांच्यावर त्याचा फार जीव.

एके सकाळी सारजा भाच्याच्या बारशाला माहेरी निघाली. माहेर नदीपलीकडेच. केरबानेच तिला नावेतून सोडलं. उतरता उतरता ती म्हणाली, "मटकी फडक्यात बांधून खुंटीला टांगलीया. हात लावू नका. उद्या येऊन उसळ करते. बरं, येते हं."

"ये," केरबा म्हणाला.

माहेरी तिला ताप भरला. तो काही केल्या उतरेना. सारजा परत आलीच नाही.

दुःख झालं की कोणी रडतं, कोणी गप्प होतं. केरबा चिडला. बरं, चिडला तरी कोणावर? देवावर नाही, तापावर नाही, तर त्या एका शब्दावर! 'येते' म्हणाली आणि आली का? मग हा शब्दच खोटा. त्याने नावेत जाहीर करून टाकलं, "आजपासनं माझ्या नावेतनं उतरताना कुणी 'येतो' म्हणायचं न्हाई. कोण येणार आन् कोण न्हाई, कुणाला ठावं? खरं बोला. 'जातो' म्हणा आन् उतरा."

नाव एकच आणि नदी रुंद. लोकांची मोठी पंचाईत झाली. गावचा गुरव नुसताच खोकून उतरू लागला. शिंप्याने 'हं हं' करून वेळ मारून न्यायला सुरुवात केली. एक नवा जावई इतका गोंधळला की 'जायेतो' असं काहीतरी बोलला आणि पाय घसरून थेट पाण्यात बसला. लोहार तेवढा हुशार. तो म्हणाला, "उतरतो."  केरबा डोकं खाजवत राहिला.

पण हळूहळू नावेतली गंमत आटली. लोक मान खाली घालून बसायचे आणि काठ आला की न बोलता उतरायचे. केरबाला वाटायचं, चला, निदान खोटं तरी कोणी बोलत नाही.

मग एक दिवस बयाक्का नावेत बसली. वयाने पिकलेली आणि जिभेने तिखट. नात पलीकडे बाळंत झाली होती, तिला बघायला निघालेली. काठ आला. केरबा म्हणाला, "म्हणा, 'जाते'."

"बाळंतिणीच्या दारात जाताना असलं अभद्र बोलू व्हय? येते म्हणू दे, न्हाईतर मी उतरत न्हाई."

केरबाही हट्टाला पेटला. त्याने नाव परत फिरवली. बयाक्का बसूनच. नाव अलीकडे आली, पलीकडे गेली, पुन्हा अलीकडे आली. बयाक्काने गाठोड्यातली भाकरी खाल्ली, एक डुलकी काढली आणि उठून वल्हं कसं मारावं हे केरबाला शिकवायला लागली. नावेतल्या लोकांना हसू आवरेना. दुपार झाली तसा केरबाच थकला. त्याने दोन्ही कान घट्ट दाबून धरले, तेव्हा कुठे बयाक्का म्हणायचं ते म्हणून ऐटीत उतरली. काठावर जाऊन मात्र ती वळली आणि त्याने हात खाली घेतल्यावर म्हणाली, "आन् तू रं? सकाळी घरातनं निघताना लेकीला काय सांगतूस?"

केरबाने घाईघाईने नाव लोटली. सारजा गेल्यापासून तो घरातून मुकाट्याने निघायचा. 'जातो' म्हणायला जीभ वळत नव्हती आणि 'येतो' म्हणायचं नव्हतं. आणि ठकू? ती संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर बसून नदीकडे बघत असायची. बाप येणार की नाही, हे तिला रोज नव्याने कळायचं.

ठकू मोठी झाली. नदीपलीकडच्या गावी तिचं लग्न ठरलं. मांडव पडला, वाजंत्री वाजली, लाडवांवर पोरं तुटून पडली. पाठवणीला केरबाने स्वतः वल्हं हातात घेतलं. नावेत नवरानवरी, वऱ्हाडी आणि पाठराखीण म्हणून दुसरी कोण असणार, बयाक्काच! पलीकडच्या काठावर सासरची माणसं ताशे घेऊन उभी होती.

नाव काठाला लागली. सगळे उतरले. ठकू मात्र उतरेना. शालू सावरून ती फळीवर तशीच बसली.

"उतर की गं," केरबा म्हणाला.

"आबा, मी 'जाते' म्हणणार न्हाई. आन् न बोलता तर मुळीच उतरणार न्हाई."

बयाक्का काठावरून खुदकन हसली. "माझीच चेली!"

ताशे थांबले. सासरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पोरगी नांदायला यायला तयार आहे की नाही, अशी कुजबुज सुरू झाली. केरबाच्या कपाळावर घाम आला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "पोरी, तुझी आई हितंच उतरली. हाच शब्द बोलली. खोटा निघाला."

ठकूचे डोळे भरून आले, पण आवाज खणखणीत होता. "आई खोटं न्हवती बोलली, आबा. निघताना ती मटकी बांधून गेली हुती. जिला परत यायचं न्हाई ती बाई मटकी कशाला बांधून ठेवंल?"

केरबाच्या हातातलं वल्हं खाली आलं. खुंटीवरचं ते फडकं त्याला आठवलं. सारजा गेल्यावर कितीतरी दिवसांनी त्याने ते खाली काढलं होतं. रागाच्या भरात, आत न बघता, परसात नेऊन झटकलं होतं. सारजाला यायचं होतं. शेवटच्या श्वासापर्यंत यायचं होतं. येणं तिच्या हातात नव्हतं, एवढंच. आणि आपण इतकी वर्षं त्या बिचारीला खोटी ठरवत बसलो! केरबा लहान पोरासारखा रडला. पण मन कसं हलकं झालं.

त्याने हात धरून लेकीला उतरवलं. "येते, आबा," ठकू म्हणाली.

"ये, बाई, ये. लवकर ये."

ताशे असे कडाडले की झाडावरचे बगळे उडाले. केरबाने नाव लोटली. मध्यावर पोचल्यावर मात्र त्याच्याने राहवेना. तो उभा राहिला आणि वल्हं उंच करून सगळ्या नदीला ऐकू जाईल असं ओरडला, "ठकू, येतो गं!"

काठावरून सगळं सासर एका आवाजात ओरडलं, "या हो या!" नाव इतकी डुलली की केरबाच पाण्यात पडता पडता वाचला.

चार दिवसांनी ठकू मांडवपरतणीला माहेरी यायची होती. नदीला पाणी चढेल का, तिला कोणी धाडेल का, केरबाला काहीच ठाऊक नव्हतं. आदल्या सकाळी त्याने भिजलेली मटकी उपसली, सारजाच्याच जुन्या फडक्यात बांधली आणि खुंटीला टांगून ठेवली.

तात्पर्य: परत येणं कोणाच्याच हातात नसतं, पण परत यायची इच्छा मनात ठेवून निघणं प्रत्येकाच्या हातात असतं. वाट अर्ध्यावर तुटली, तरी ती इच्छा खोटी ठरत नाही.